समास

माझ्या हातातल्या फळीवर कागद, कागदावर चार चौकोन:
आमचा. त्यांचा. कुंपणावरचा. घरी नाही.
चौथा सगळ्यात सोपा.
वेल्समधला हा उतार, पाटीच्या दगडाची घरं,
खाण मिटली तरी छपरांना अजून तिचाच राखाडी रंग,
आणि मी, ग्विलिम,
एकोणीस वर्षं पक्षाची पत्रकं वाहणारा.

सात नंबरला टेगवेन प्रीस दार उघडते.
शाळेत स्वयंपाक करायची; मला दुसऱ्यांदा वाढलेलं कस्टर्ड
तिला आठवतं, मला आठवतं,
आम्ही दोघं ते काढत नाही.
"मत मागायला आलास?"
"हो."
"मागायलाच ना? विचारायला नाही?"
मी कानावरची पेन्सिल काढतो.

मग ती सांगते चार दहाच्या बसचं.
ती बंद झाल्यापासून
डायलिसिसहून निघालेला तिचा भाऊ एमरिस
दीड तास बसून राहतो दवाखान्याच्या दारातल्या बाकावर,
दंडाला कापूस, मांडीवर सँडविचचा डबा,
आणि पुढच्या बसचा ड्रायव्हर हल्ली
त्याच्यासाठी हीटर आधीच लावून ठेवतो.
"कुठल्या चौकोनात बसवशील हे?"
बसत नाही.
मी समासात लिहितो, बारीक अक्षरात, कागद आडवा धरून.

नऊ नंबर: ओली भिंत, कौन्सिलची तीन पत्रं, तिन्ही एकसारखी.
तेरा नंबर: "सगळे एका माळेचे मणी," आणि धाडकन दार.
वाक्य लिहिलं. दार कसं लिहायचं?

कागद कार्डिफला जातात. तिथे एक यंत्र आहे,
ते चौकोन वाचतं.
मी एकदा पाहून आलोय:
उजेडाची पट्टी सरकते
आणि कड गळून जाते,
लहान मुलासाठी पावाची कड कापावी इतक्या मायेने.
व्याकरणात समास म्हणजे जोडणं;
कागदावर मात्र तोडायची जागा.
पडद्यावर आमचं गाव उमटलं: बेचाळीस टक्के कुंपणावर.
"छान काम," म्हणाली तिथली मुलगी,
आणि खरंच मनापासून म्हणाली.

नोव्हेंबरात शाखेची बैठक, चॅपलच्या मागच्या खोलीत.
बारा माणसं, एक हीटर, तोही खजिनदाराच्या पायाशी.
मी ठराव मांडला: समास वाचला जावा.
खजिनदार इवोर म्हणाला,
"समासावर पक्ष चालत नसतो.
उद्या कुणी कुत्र्यांच्या घाणीबद्दल लिहील."
"लिहिलंय," मी म्हणालो. "अकरा जणांनी."
हशा पिकला, आणि त्या हशातच कुठेतरी
ठराव सात विरुद्ध पाचने तरला.

उत्तर आलं फेब्रुवारीत.
आपल्या मताचा आम्हाला आदर आहे.
माझं नाव चुकलेलं, सही छापील.
इवोरने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
मग विरोधात हात वर केलेल्या त्याच माणसाने
माझ्या माळ्यावरच्या खोक्यांतून
जुन्या प्रती काढून एका वहीत उतरवल्या,
रकाने आखून, पानापानाला बेरीज:
बस दोनशे सहा. ओल एकशे नव्वद. कुत्री एकाहत्तर.
"कोणी विचारत नाही" या रकान्याची बेरीज
त्याने दोनदा केली.
आणि वर्षाच्या वर्गणीच्या पाकिटात
चेक घातला नाही. वही घातली.

या खेपेचा कागद वेगळा आहे.
चौकोनांखाली एक ओळ: इतर.
दोन बोटांएवढी.
बस अजून सुरू नाही.

टेगवेन फळी माझ्या हातातून काढून घेते,
चष्मा शोधते, तो डोक्यावरच असतो,
आणि ओळ ओलांडून लिहीत सुटते, कडेने, वर, पुन्हा खाली,
अक्षर शाळेतल्या जेवणाच्या फळ्यावर असायचं तेच,
गोल, घाई नसलेलं.
मी दारात. खांद्यावर भुरभुर.
अजून एकवीस घरं.
मान वर न करता ती विचारते,
"मागची बाजू कोरी आहे ना?"